निवृत्तीची तारीख पहिल्या दिवशीच ठरलेली असते, मग पेन्शनला उशीर का?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्च 2023 मध्ये राज्यातील सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हापासून वाचकांच्या पत्रव्यवहारात निवृत्तिवेतनावर पुष्कळ लिहिले गेले. जुनी योजना हवी, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना चालू ठेवावी, की केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून लागू केलेली एकीकृत योजना घ्यावी, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने मते मांडली गेली. प्रश्न लाखो कुटुंबांच्या उतारवयाचा असल्यामुळे ते स्वाभाविकच होते. मात्र या चर्चेत एक गोष्ट मागे पडली, असे मला वाटते. योजना कोणतीही असो, ती ज्या कार्यालयांतून, ज्या टेबलांवरून आणि ज्या कागदांच्या आधारे माणसाच्या खात्यापर्यंत पोहोचते, ती यंत्रणा वेळेवर काम करते की नाही, हे कोणी विचारत नाही. ज्यांची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची आहे आणि ज्यांच्या जुन्या पेन्शनबद्दल कसलाही वाद नाही, अशा कर्मचाऱ्यांनाही निवृत्तीनंतर कित्येक महिने, काहींना वर्ष उलटले तरी, अंतिम आदेश हाती पडत नाहीत. पेन्शन वेतनाच्या किती टक्के असावी, हा वाद चालू राहील. पण ठरलेली टक्केवारी ठरलेल्या दिवशी मिळावी, यासाठी कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही. त्याविषयी हे पत्र लिहीत आहे.

मी आस्थापना शाखेत लिपिक म्हणून लागलो आणि वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ सेवापुस्तके, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या संपूर्ण नोकरीच्या नोंदवह्या, लिहिण्यात, वेतननिश्चिती करण्यात आणि पेन्शनची प्रकरणे तयार करण्यात गेला. आता अमळनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर या भागांतील ओळखीची निवृत्त मंडळी कागद घेऊन येतात, तेव्हा त्यांचे अर्ज पाहून देतो. त्यामुळे टेबलाच्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन्ही बाजू मला जवळून ठाऊक आहेत. गावात कोणी निवृत्त झाला की भेटणारा प्रत्येक जण प्रथम 'पेन्शन लागनी का, नाना?' असेच विचारतो, आणि उत्तर बहुधा 'आजून नही' असे असते. हे उत्तर इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही गैर आहे, असे विचारणाऱ्यालाही वाटेनासे झाले आहे.

नियम काय सांगतात, ते आधी पाहावे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 सालचे आहेत. त्यांनुसार निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांची तयारी निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सुरू व्हायला हवी आणि सर्व पूर्तता होऊन प्रकरण निवृत्तीच्या सहा महिने आधी मंजुरीसाठी रवाना व्हायला हवे. आपल्या भागातील तलाठ्याचे, पोलिसाचे किंवा अनुदानित माध्यमिक शाळेतील शिक्षकाचे प्रकरण मुंबईच्या महालेखापाल कार्यालयाकडे जाते, कारण विदर्भ-मराठवाडा नागपूरच्या कार्यालयाकडे आणि उर्वरित महाराष्ट्र मुंबईकडे अशी विभागणी आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचे प्रकरण पंचायत समितीतून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे आणि तेथून वित्त विभागाकडे जाते. वाट वेगळी असली तरी वेळापत्रकामागचा हेतू एकच आहे. शेवटचा पगार ज्या महिन्यात झाला, त्याच्या पुढच्याच महिन्यात पेन्शन सुरू व्हावी आणि मधल्या काळात घरात चणचण भासू नये. नियम करणाऱ्यांनी हा विचार नीट केला होता. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी फाइल निवृत्तीच्या दोन-तीन महिने आधी उघडली जाते, आणि निरोप समारंभाची शाल-श्रीफळ घेऊन माणूस घरी जातो तेव्हा त्याचे सेवापुस्तक कोणत्या तरी कपाटात पडताळणीच्या प्रतीक्षेत असते.

शासनाच्या कामकाजात अनपेक्षित गोष्टी पुष्कळ असतात. पाऊस लांबतो, तापीला पूर येतो, निवडणूक लागते. निवृत्ती मात्र अशी नव्हे. कर्मचारी ज्या दिवशी रुजू होतो, त्याच दिवशी सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याची जन्मतारीख अंकी आणि अक्षरी लिहिली जाते. त्या तारखेत 58, आणि शिपायांसारख्या वर्ग 4 च्या कर्मचाऱ्यांसाठी 60, मिळवले की निवृत्तीचे वर्ष आणि महिना निघतो. इतकी आधी ठाऊक असलेली घटना सरकारी दप्तरात दुसरी नसेल. त्यातही आपल्याकडे एक विशेष आहे. ज्या पिढीचे जन्म घरी झाले आणि ज्यांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना नोंदवली, त्यांतील फार मोठ्या संख्येची जन्मतारीख 1 जून आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून दरवर्षी 31 मे रोजी शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक, शिपाई असे निवृत्तांचे मोठे गट एकाच दिवशी बाहेर पडतात. हा भार कधी येणार हे वर्षानुवर्षे ठाऊक आहे. तरीही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा शाळांना सुट्टी असते, कार्यालयांत बदल्यांची धामधूम चालू असते आणि खानदेशात पारा 44-45 अंशांवर गेलेला असतो, तेव्हाच या सर्वांना दाखल्यांसाठी तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून तालुक्याला पळावे लागते. 31 मेच्या निवृत्तांची प्रकरणे आधीच्या नोव्हेंबरअखेर रवाना झालीच पाहिजेत, एवढी एक गोष्ट प्रत्येक कार्यालयाने कटाक्षाने पाळली, तर उशिराचा मोठा भाग आपोआप नाहीसा होईल, असे मी अनुभवाने सांगतो.

उशीर बहुतेक वेळा पेन्शनच्या टेबलावर होत नाही. तो सेवापुस्तकात आधीच लिहून ठेवलेला असतो, किंवा काही लिहायचे राहून गेलेले असते. सेवापुस्तकात दरवर्षी वेतन देयकांवरून सेवेची पडताळणी करून तशी नोंद घ्यायची असते, ते पुस्तक वर्षातून एकदा कर्मचाऱ्याला दाखवून त्याची स्वाक्षरी घ्यायची असते, आणि दुय्यम सेवापुस्तक त्याच्याजवळ अद्ययावत असायला हवे. सातपुड्यातील शाळांवर उभी नोकरी केलेल्या एका शिक्षकांचे सेवापुस्तक माझ्यासमोर आले, तेव्हा त्यात तीस वर्षांच्या पडताळणीच्या नोंदी शिक्क्यानिशी व्यवस्थित होत्या आणि मधल्या एका वर्षाची जागा कोरी होती. त्या वर्षी त्यांची बदली झाली होती. काही महिन्यांचा पगार जुन्या तालुक्यातून निघाला आणि काही महिन्यांचा नव्या तालुक्यातून. दोन्हीकडच्या लिपिकांनी ही नोंद दुसऱ्याने करावी असे समजून पान तसेच ठेवले. त्यानंतर कितीतरी वर्षे ते पान कोणाच्या डोळ्यांना खुपले नाही. निवृत्तीच्या तोंडावर मात्र तेवढ्या एका कोऱ्या जागेसाठी जुन्या वेतन देयकांच्या कार्यालयीन प्रती शोधण्याची वेळ आली, आणि त्या प्रतींना वाळवी लागलेली होती. ज्या मुख्याध्यापकांच्या स्वाक्षरीने दाखला मिळाला असता, ते हयात नव्हते. शिक्षकाने त्या वर्षी शाळेत शिकवले होते, याविषयी कोणालाच शंका नव्हती. हजेरीपटावर त्यांची सही होती, विद्यार्थी आता बापे माणसे होऊन समोर उभे होते. तरी प्रकरण त्रुटीत निघाले.

त्रुटी काढण्याची पद्धत हा या विषयातील सर्वांत क्लेशदायक भाग आहे. प्रकरण वरच्या कार्यालयात जाते, तेथे एक त्रुटी निघते आणि ते परत येते. ती पूर्ण करून पाठवावे, तर दुसरी त्रुटी निघते, जी पहिल्या वेळीही त्याच पानावर होती. वारसाच्या नावातील एक वेलांटी, संयुक्त छायाचित्रावरचा साक्षांकनाचा शिक्का, ना देय दाखल्यावरची तारीख, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचे प्रमाणपत्र, भाषा परीक्षेतील सूट अशा प्रत्येक बाबीसाठी स्वतंत्र फेरी होते. प्रत्येक फेरीत टपाल, आवक-जावक, टिपणी आणि साहेबांची स्वाक्षरी धरून आठवडे जातात. तपासणी करणाऱ्याने संपूर्ण प्रकरण एकदाच तपासून सर्व त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात आणि त्या पत्रात नसलेली, जुन्याच कागदांवरची त्रुटी पुन्हा काढण्यास वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी अनुमती लागावी, असा आदेश निघाला तर त्यासाठी एक रुपयाही खर्च येणार नाही.

खानदेशात या अडचणींना आणखी दोन पदर आहेत, जे मुंबईत बसून लक्षात येणे कठीण आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. त्यापूर्वी नेमणूक झालेले पुष्कळ कर्मचारी आत्ता निवृत्त होत आहेत. त्यांची नेमणूक एका जिल्ह्याच्या अभिलेखात, पुढची सेवा दुसऱ्या जिल्ह्यात आणि भविष्य निर्वाह निधीच्या जुन्या वर्गण्यांच्या नोंदी कधी येथे तर कधी तेथे, अशी स्थिती असते. धडगाव किंवा मोलगी परिसरातून निघालेल्या माणसाला तालुका, जिल्हा आणि मग जुना जिल्हा अशी वाट धरावी लागते. दोन कार्यालयांनी परस्परांशी पत्रव्यवहार करून जे करायचे, ते निवृत्त माणसाने पिशवीत कागद घालून एसटीने करायचे, असा अलिखित प्रघात पडला आहे.

दुसरा पदर एकस्तर वेतनश्रेणीचा. आदिवासी आणि नक्षलग्रस्त क्षेत्रात काम करणाऱ्यांना त्या काळापुरती वरच्या पदाची वेतनश्रेणी देण्याचा शासन निर्णय 6 ऑगस्ट 2002 चा आहे. सातपुड्याच्या दुर्गम गावांत लोकांनी नोकरी करावी म्हणून दिलेला तो लाभ होता आणि तो योग्यच होता. परंतु त्या क्षेत्रातून बदली झाल्यावर मूळ श्रेणीत वेतन कसे निश्चित करायचे, मधल्या काळात मिळालेल्या वरिष्ठ श्रेणीचा मेळ कसा घालायचा, आणि 1 जानेवारी 2006 व 1 जानेवारी 2016 च्या वेतन आयोगांत ते वेतन कोणत्या टप्प्यावर बसवायचे, हे हिशेब वेगवेगळ्या कार्यालयांनी वेगवेगळ्या प्रकारे केले. या वेतननिश्चितीची तपासणी नाशिकच्या वेतन पडताळणी पथकाकडून व्हावी लागते. ती वेळच्या वेळी, म्हणजे सहाव्या आयोगाची 2009 नंतर लगेच आणि सातव्याची 2019 नंतर लगेच करून घेतली असती, तर चूक तेव्हाच दुरुस्त झाली असती. पुष्कळांची सेवापुस्तके मात्र निवृत्तीचे वर्ष उजाडल्यावरच पडताळणीला जातात, आणि तेव्हा कळते की पंधरा वर्षांपूर्वी एक वेतनवाढ जास्त दिली गेली होती. मग तेव्हापासूनचा सर्व फरक उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, कापण्याचा आदेश निघतो.

या वसुलीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात स्पष्ट मर्यादा घालून दिल्या आहेत. वर्ग 3 आणि वर्ग 4 च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ चुकीने दिल्या गेलेल्या रकमेची वसुली करू नये, असे त्या निकालात म्हटले आहे. वेतननिश्चिती कार्यालयाने केली, पडताळणी कार्यालयाने लांबवली आणि भुर्दंड मात्र शिपायाने किंवा शिक्षकाने सोसावा, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. तरीही वसुलीचे आदेश निघतातच. ज्यांची ऐपत आहे ते औरंगाबाद खंडपीठात जातात. ज्यांची नाही ते वसुली मान्य असल्याच्या हमीपत्रावर सही करून उरलेले पैसे घेतात, कारण मुलीचे लग्न ठरलेले असते किंवा घराचे छत गळत असते.

मी लिपिकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्या खुर्चीवर मी बसलो आहे. मंजूर पदे रिकामी, एकाकडे तीन टेबले, त्यात मतदार याद्या, जनगणना, सर्वेक्षणे, दर आठवड्याला व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी तातडीची माहिती, आणि या सर्वांत निवृत्त माणसाची फाइल हे असे एकमेव काम की जे न केल्याबद्दल वरून कोणी विचारत नाही. आढावा बैठकीत घरकुलांचा आकडा विचारला जातो, करवसुलीचा विचारला जातो, सेवा हमीच्या दाखल्यांचाही विचारला जातो. 'गेल्या महिन्यात तुमच्याकडचे किती जण निवृत्त झाले आणि त्यांपैकी किती जणांना पेन्शन सुरू झाली?' हा प्रश्न मी माझ्या संपूर्ण नोकरीत एकाही आढावा बैठकीत ऐकला नाही. जे मोजले जात नाही ते मागे पडते. ज्या टेबलावर काम केव्हा होईल हे निश्चित सांगता येत नाही, तेथे 'मी करून देतो' म्हणणारा मध्यस्थ उभा राहतो, आणि आयुष्यभर कोणाकडून चहाही न घेतलेल्या गुरुजींना त्याच्यासमोर खिशात हात घालावा लागतो. हे सांगताना मला मनापासून वाईट वाटते.

आमच्याच जळगाव जिल्ह्यात वेगळे चित्रही आहे. भुसावळ हे रेल्वेचे गाव. रेल्वेत निवृत्त होणाऱ्यांना महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी एकत्र बोलावून पेन्शन आदेश आणि देय रकमांची कागदपत्रे हाती देण्याची पद्धत रुळलेली आहे. केंद्राच्या नागरी खात्यांत 'भविष्य' ही संगणक प्रणाली 1 जानेवारी 2017 पासून बंधनकारक आहे. तीत प्रत्येक टप्प्याची तारीख कर्मचाऱ्याला स्वतःला दिसते. केंद्राच्या नियमांत आणखी एक चांगली तरतूद आहे. 18 वर्षे सेवा झाल्यावर आणि पुन्हा निवृत्तीला 5 वर्षे उरली असताना, अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या, सेवेची पडताळणी करून कर्मचाऱ्याला तसे प्रमाणपत्र द्यायचे असते. म्हणजे कोरे राहिलेले पान माणूस नोकरीत असताना, जुना लिपिक आणि जुने मुख्याध्यापक हयात असताना उघडे पडते. भुसावळमध्ये एकाच गल्लीत राहणारे दोन शेजारी, एक रेल्वेतला आणि एक जिल्हा परिषदेतला, दोघांनाही जुनी पेन्शन लागू, दोघांचीही सेवा निष्कलंक. त्यांच्यात फरक पडतो तो केवळ फाइल कोणत्या वाटेने गेली याचा.

मोठी यंत्रणा सुधारत नाही, असेही नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि 1995 च्या पेन्शन योजनेतील किमान 1,000 रुपये, जे 2014 पासून तेवढेच आहेत, ते आजच्या दिवसांत अपुरे आहेत, हे एसटीतून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेला कोणीही सांगेल. पण त्याच संघटनेने जानेवारी 2025 पासून आपल्या 68 लाखांहून अधिक निवृत्तांची पेन्शन केंद्रीकृत पद्धतीने द्यायला सुरुवात केली, त्यामुळे गाव किंवा बँक बदलली तरी आदेश एका कार्यालयातून दुसरीकडे हलवण्याची गरज उरली नाही. रक्कम वाढवायला पैसा लागतो. वाट सरळ करायला मुख्यतः इच्छा लागते. हयातीच्या दाखल्याचेही तसेच. 2014 मध्ये 'जीवन प्रमाण' आले, नंतर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, पोस्टमन घरी येऊन दाखला करून देऊ लागले. नोव्हेंबरमधील बँकेपुढची रांग त्यामुळे कमी झाली आहे, जरी शेतात राबून ज्यांच्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत आणि ज्यांच्या पाड्यावर नेटवर्क पोहोचत नाही, त्यांच्यासाठी बँकेतील साधी सही चालू राहणे आवश्यकच आहे.

आता उपायाकडे येतो. सर्वांत महत्त्वाचा उपाय नियमांत आधीच लिहिलेला आहे, तो म्हणजे तात्पुरते निवृत्तिवेतन. अंतिम आदेश वेळेत येणार नाही असे दिसले, तर कार्यालयप्रमुखाने निवृत्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत तात्पुरते निवृत्तिवेतन काढून द्यावे, अशी तरतूद आहे. ती वापरली तर त्रुटी पूर्ण होईपर्यंत निवृत्ताची चूल बंद पडत नाही. प्रत्यक्षात किती कार्यालये ती आपणहून वापरतात? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना अशी काही सोय आहे, हे ठाऊकच नसते. अर्ज केला तर 'आता केस जाणारच आहे, कशाला दोनदा हिशेब?' असे उत्तर मिळते. एका वृद्ध आप्पांना असे सांगण्यात आले आणि त्यांनी पुढील कित्येक महिने सोसायटीचे कर्ज काढून औषधे आणली. तात्पुरते निवृत्तिवेतन मागण्याची गरजच ठेवू नये. निवृत्तीच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत अंतिम आदेश आला नाही, तर पुढच्या महिन्याच्या देयकात ते आपोआप समाविष्ट व्हावे. शेवटचे मूळ वेतन संगणकात आहे, बँक खाते संगणकात आहे, सेवेची वर्षे संगणकात आहेत. 'सेवार्थ' आणि 'शालार्थ' या प्रणालींतून दरमहा पगार निघतोच. त्याच नोंदींवरून निम्म्या वेतनाचे देयक तयार होण्यात कोणती अडचण आहे, हे वित्त विभागाने एकदा सांगावे.

दुसरी तरतूद व्याजाची आहे. उपदान देय झाल्यापासून तीन महिन्यांपलीकडे प्रशासकीय कारणाने लांबले, तर पुढील काळासाठी भविष्य निर्वाह निधीच्या दराने व्याज द्यावे लागते आणि दिरंगाईची जबाबदारीही निश्चित करायची असते. एखाद्याचे 10 लाख रुपये उपदान वर्षभर अडले, तर पहिले तीन महिने सोडून 7.1 टक्के दराने 53,250 रुपये व्याज होते. ही रक्कम लहान नाही. परंतु ती मिळण्यासाठी उशीर प्रशासकीय चुकीने झाला हे मान्य व्हावे लागते, आणि ते मान्य करायचे असते त्याच कार्यालयाने ज्याच्याकडून उशीर झाला. परिणामी व्याज मागणारे थोडे आणि मिळणारे त्याहून थोडे. निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नसून दीर्घ सेवेने मिळवलेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा प्रकरणात सांगितले. तो दिवस आपण पेन्शनर दिन म्हणून पाळतो, हार-तुरे होतात, भाषणे होतात. त्यानंतर केरळ राज्याच्या प्रकरणात न्यायालयाने उशिराबद्दल व्याजाचा दंड सोसावाच लागेल असे म्हटले, आणि 2013 मध्ये झारखंडच्या प्रकरणात पेन्शन ही राज्यघटनेच्या अनुच्छेद 300-अ खालील मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. मालमत्ता रोखून धरली तर तिचे व्याज मागण्यासाठी वेगळा अर्ज का करावा लागावा? अंतिम देयकातच विलंबाचे दिवस मोजून व्याज लावले जावे, आणि कर्मचाऱ्यामुळे उशीर झाला असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयावर असावी.

हे सर्व केवळ जुन्या पेन्शनवाल्यांचे दुखणे आहे, असे तरुण सहकाऱ्यांनी समजू नये. 2005 नंतर लागलेल्या शिक्षकांच्या अंशदायी निवृत्तिवेतन योजनेच्या कपाती वर्षानुवर्षे झाल्या, परंतु त्यांच्या चिठ्ठ्या, शासनाचा हिस्सा आणि त्यावरील व्याज यांचा हिशेब अनेकांना वेळेवर मिळाला नाही, आणि राष्ट्रीय योजनेच्या खात्यात ती रक्कम वर्ग होताना पुष्कळ गोंधळ झाला. तेथे तर उशिराची किंमत आणखी जास्त आहे, कारण गुंतवणुकीत उशिरा गेलेला पैसा मधल्या काळात वाढलेला नसतो. योजना बदलली तरी नोंद ठेवणारा हात आणि कपाट तेच आहे. म्हणून नव्या पिढीने आपल्या कपातीचा हिशेब दरवर्षी तपासून, फरक दिसताच लेखी कळवावे आणि पोच घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सेवेत असताना मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबीयांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. तेथे तारीख आधी ठाऊक नसते, हे मान्य. पण नामनिर्देशन, वारसांची नावे आणि छायाचित्रे सेवापुस्तकात अद्ययावत असणे हे काम तर आधीच व्हायला हवे. कधीही कार्यालयाची पायरी न चढलेली बाई पतीच्या तेराव्यानंतर वारस दाखल्यासाठी तहसीलमध्ये उभी राहते आणि तिच्या माहेरच्या-सासरच्या नावांतील फरकावरून तिला परत पाठवले जाते. अशा प्रकरणात कार्यालयाने एका कर्मचाऱ्याची नावानिशी नेमणूक करून त्याने घरी जाऊन कागद भरून आणावेत, एवढी माणुसकी शासनाला सहज परवडेल.

संपादक महोदय, आपल्या दैनिकामार्फत जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांना माझी एक मर्यादित मागणी आहे. प्रत्येक कार्यालयाने दर महिन्याच्या पाच तारखेला सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर चार आकडे लावावेत. येत्या बारा महिन्यांत किती जण निवृत्त होणार, त्यांपैकी किती जणांच्या सेवापुस्तकांची वेतन पडताळणी झाली, मागील सहा महिन्यांत निवृत्त झालेल्यांपैकी किती जणांना अंतिम निवृत्तिवेतन सुरू झाले, आणि उरलेल्यांपैकी किती जणांना तात्पुरते निवृत्तिवेतन दिले. यात कोणाचे नाव लागत नाही, कोणाची खासगी माहिती उघड होत नाही आणि नवे पदही निर्माण करावे लागत नाही. हे आकडे लागले तर आढावा बैठकीत प्रश्न विचारला जाईल. तिन्ही जिल्ह्यांकडून ही माहिती आपल्या प्रतिनिधींनी मागवून प्रसिद्ध करावी, आणि ज्या कार्यालयाने ती दिली नाही त्याचा उल्लेखही तेथे करावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वरिष्ठ सहायक (आस्थापना)
अमळनेर, जि. जळगाव